दिव्याभोवतीचं खळं

दिवाळीत गॅलरीत टांगलेल्या आकाशकंदिलाचा फोटो काढला, की कंदिलाच्या कडेबाहेरही उजेड सांडलेला दिसतो. समोर पाहताना कागदाची कड स्वच्छ दिसत असते, झिरमिळ्या एकेक करून मोजता येतात. फोटोत मात्र त्या एका दुधट पट्ट्यात बुडून गेलेल्या असतात. गॅलरीत नसलेला हा उजेड फोटोत आला कुठून?

पहिला संशय भिंगावर घ्यावा. बहुतेकदा तो खराच निघतो. मोबाइलच्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असतो, आणि तो सदऱ्याच्या टोकाने एका दिशेने पुसला की तेलाच्या बारीक समांतर रेघा काचेवर उरतात. मग प्रत्येक दिव्याला त्या रेघांच्या काटकोनात एक लांब शेपूट फुटतं. तुमच्या फोटोत सगळ्या दिव्यांची शेपटं एकाच दिशेला असतील, तर भिंग कोणत्या दिशेने पुसलं होतं तेही त्यावरून सांगता येतं. स्वच्छ सुती कापडाने भिंग नीट पुसलं की हा प्रश्न संपतो.

पण भिंग निर्मळ असलं, हवा धुतल्यासारखी असली, तरीही काही खळी राहतात. उजेड कॅमेऱ्यात शिरल्यानंतर वाट चुकतो तेव्हा ती पडतात. त्यातलं सगळ्यात सुंदर खळं समजून घ्यायला काचेच्या प्लेटांच्या काळात जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोटो काचेवर घेत. काचेच्या एका बाजूला जिलेटिनचा पातळ थर, त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण. या थराला इमल्शन म्हणतात. अशा प्लेटवर चर्चच्या अंधाऱ्या गाभ्याचा फोटो घ्यायचा तर भिंग कितीतरी मिनिटं उघडं ठेवावं लागे, आणि तेवढ्या वेळात खिडक्यांचा उजेड भोवतालची दगडी चौकट खाऊन टाकी. आभाळासमोरच्या झाडाच्या बारीक फांद्या विरून जात. छायाचित्रकार याला हॅलेशन म्हणू लागले. गुन्हेगार कोण, हे मात्र लहान प्रखर दिव्यांच्या फोटोंनी उघड केलं. त्यांत दिव्याभोवती नुसती झळाळी नव्हती, एक वेगळं कडं होतं. मधे दिवा, मग काळसर पट्टा आणि त्याच्यापलीकडे उजळ कडं.

मधल्या त्या काळ्या पट्ट्यातच सगळं रहस्य आहे. उजेड इमल्शनमध्येच आडवा पसरला असता, तर झळाळी दिव्यालगत सर्वांत दाट आणि पुढे विरळ होत गेली असती. कडं पडतं याचा अर्थ उजेड दुसरीकडे कुठेतरी जाऊन, ठरावीक अंतरावर परत येतो आहे.

तो जातो काचेच्या पाठीपर्यंत. इमल्शन दुधाळ असतं. त्यावर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो आणि त्यातला काही खालच्या काचेत उतरतो. काचेच्या मागच्या पृष्ठाशी हवा असते. तिथे सरळ येऊन आदळणारा प्रकाश जवळजवळ सगळा बाहेर निघून जातो, शंभरातले चारएक भाग तेवढे मागे फिरतात. किरण जसजसा तिरका होतो तसा हा हिशेब बदलत जातो, आणि तिरकेपणा सुमारे ४२ अंशांच्या पुढे गेला की बाहेरची वाट पूर्ण बंद होते. एकही भाग हवेत जात नाही, सगळा प्रकाश आत परततो. शाळेत ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’ म्हणून जे शिकलो, ते हेच. परतलेला प्रकाश इमल्शनवर खालच्या बाजूने आदळतो आणि तिथे दुसरा, खोटा फोटो उमटवतो.

तो कुठे आदळेल हे साध्या भूमितीने काढता येतं. प्लेट दीड मिलिमीटर जाड असेल, तर उतरताना आणि चढताना मिळून किरण मूळ जागेपासून सुमारे २.७ मिलिमीटर सरकतो. त्याच्या आत कमी तिरके किरण येतात, त्यांचा बहुतेक उजेड हवेत गेलेला असतो, म्हणून तो भाग काळसर राहतो. २.७ मिलिमीटरवर कडं एकदम उजळतं आणि बाहेरच्या बाजूला हळूहळू विरतं. दिवा मोठा की लहान, जवळ की लांब, भिंग कोणतं, यातल्या कशानेही कड्याची त्रिज्या बदलत नाही. ती ठरते फक्त काचेच्या जाडीवर आणि जातीवर. दुप्पट जाड काच घेतली की कडंही दुप्पट मोठं होतं. मला हे विलक्षण वाटतं. दिव्याचा फोटो घेताना प्लेट स्वतःच्या जाडीचं मापही त्यावर छापून ठेवत होती, आणि पाहणारे त्याला डाग समजत होते.

हे कडं घरी दिसू शकतं. खिडकीच्या काचेचा एखादा सुटा तुकडा घ्या, त्याच्या एका बाजूला ओला पांढरा टिश्यू पेपर बुडबुडा न ठेवता चिकटवा आणि अंधारात त्या कागदावर लाल लेझर पॉइंटरचा ठिपका पाडा. (लेझर कुणाच्याही डोळ्यांवर जाता कामा नये, काचेवरून उसळलेलासुद्धा.) ठिपक्याभोवती काळी चकती आणि तिच्याभोवती तांबडं कडं उभं राहतं. जाड काच घेतली तर कडं लांब सरकतं. आता काचेच्या मागच्या बाजूला काळा ऑइल पेंट फासा. कडं नाहीसं होतं.

पेंटऐवजी मागे नुसतं काळं कापड धरलं तर? कडं तसंच राहतं. काळ्या रंगाने उजेड गिळावा हे कुणालाही सुचेल, पण इथे उजेड काचेबाहेर पडतच नाही, मग तो कापडापर्यंत पोहोचणार कसा? केसाएवढी हवेची फट राहिली तरी परावर्तन त्या फटीच्या अलीकडेच घडून जातं. काळेपणा काचेला चिकटलेला हवा, आणि त्याचा अपवर्तनांक काचेच्या इतका जवळचा हवा, की काच कुठे संपली हे प्रकाशाला कळूच नये. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आल्फ्रेड कोर्नू यांनी १८९०मध्ये या खळ्याचं कारण आणि त्यावरचा हाच उपाय मांडला. मग प्लेटांच्या पाठी रंगवणं सुरू झालं. जळक्या साखरेत तांबूस-तपकिरी माती, म्हणजे बर्न्ट सिएना, कालवून तो लेप ब्रशने काचेवर देत आणि फोटो घेऊन झाल्यावर अंधाऱ्या खोलीत ओल्या स्पंजने पुसून टाकत. लेप काळा का नाही, तांबूस का? कारण त्या काळच्या साध्या प्लेटांना तांबडा रंग दिसतच नसे. तांबडा उजेड परत आला तरी त्यांच्या दृष्टीने तो अंधारच होता.

खगोलशास्त्रज्ञांना हा सगळा प्रकार सर्वांत जिवावरचा. त्यांचा विषयच काळ्या पाटीवरचे प्रखर ठिपके. नोव्हेंबर १८८५मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत पॉल आणि प्रॉस्पर आँरी या भावांनी कृत्तिकांचा फोटो घेतला, आणि माया या ताऱ्याला चिकटलेला उजेडाचा एक वाकडा पुंजका त्यांना दिसला. डोळ्यांनी तो तोवर कुणी पाहिला नव्हता. प्लेटने स्वतःच तर तो काढला नसेल? संशय अगदी रास्त होता. पण काचेतलं खळं गोल असतं आणि सारख्या तेजाच्या ताऱ्यांभोवती सारखंच पडतं. हा पुंजका मात्र एकाच ताऱ्याला आणि एकाच बाजूला वळलेला होता. पुढे रशियातल्या पुल्कोवो वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीतून तो डोळ्यांनीही दिसला. कृत्तिकांभोवतीचा तो उजेड खरंच आकाशात आहे. १९१२मध्ये वेस्टो स्लायफर यांनी मेरोपी या ताऱ्याजवळच्या झळाळीचा वर्णपट घेतला, तेव्हा तो थेट ताऱ्यांच्या वर्णपटासारखाच निघाला. तिथे धूळ आहे आणि ती ताऱ्यांचाच प्रकाश आपल्याकडे परतवते आहे.

काच जाऊन फिल्म आली तेव्हा हॅलेशन आपोआप आक्रसलं. ३५ मिलिमीटर फिल्मचा पाया साधारण ०.१३ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे कड्याची त्रिज्या पाव मिलिमीटरहून कमी. तरी फोटो दहापट मोठा केला की ती दोन मिलिमीटरच्या पुढे जाते. म्हणून कृष्णधवल फिल्मच्या पायातच करडी छटा घातली जाते. खरा प्रकाश फिल्मच्या वरच्या थरात थेट पोहोचतो, वाट चुकलेल्याला मात्र तो करडा पाया दोनदा ओलांडावा लागतो. काही फिल्मच्या पाठीवर रंगाचा थरही असतो. घरी फिल्म धुणाऱ्यांना तो ओळखीचा असेल: पहिलं पाणी ओतताना ते हिरवं, निळं नाहीतर जांभळं होऊन बाहेर येतं. खळं पडू नये म्हणून दिलेला तो रंग असतो.

सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हसाठी कोडॅकने याहून कडक बंदोबस्त केला. फिल्मच्या पाठीला काजळीचा काळा थर दिला. त्याचं नाव रेमजेट. हॅलेशन थांबवण्याबरोबरच हा थर ओरखडे आणि स्थिर विजेच्या ठिणग्याही रोखत असे. लॅबमध्ये सुरुवातीलाच अल्कधर्मी द्रावणात तो मऊ करून पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा लागे. साध्या फोटो-लॅबच्या यंत्रांत ही सोय नसे. त्यामुळे काहींनी ही फिल्म आधीच काजळी काढून स्थिर कॅमेऱ्यांसाठी विकायला सुरुवात केली. सिनेस्टिल ८००टी हे त्यातलं गाजलेलं नाव. पाठीचा काळेपणा गेला आणि शंभर वर्षं दाबून ठेवलेलं खळं परत आलं, या वेळी लालभडक होऊन. गाड्यांचे मागचे दिवे, दुकानांच्या निऑन पाट्या, पेट्रोल पंपाच्या ट्यूबलाइट, सगळ्यांभोवती तांबडी आभा.

ती लालच का? रंगीत फिल्ममध्ये तीन प्रकारचे थर एकावर एक असतात. सर्वांत वर निळा उजेड टिपणारा, मधे हिरवा, तळाशी लाल. उजेड मागून परत येतो तेव्हा त्याच्या वाटेत पहिला लागतो तो हा तळचा थर, आणि तिथेच बराचसा उजेड खर्ची पडतो. दिवा फार प्रखर असेल तर हिरव्या थरालाही थोडा हिस्सा मिळतो आणि लालाची नारिंगी होते. फिल्मचे थर कोणत्या क्रमाने रचले आहेत, हे ते खळं रंगाने सांगत असतं.

आता हेच आपल्या डोळ्यात पाहा. दृष्टिपटलावर उजेड टिपणाऱ्या पेशी आहेत, त्यांच्यामागे मेलॅनिनने भरलेल्या पेशींचा गडद थर आहे आणि त्याच्याही मागे पुन्हा मेलॅनिन असलेलं आवरण आहे. पेशींना चुकवून गेलेला उजेड तिथे गिळला जातो. हा थर मधे हवेची फट न ठेवता दृष्टिपटलाला चिकटून आहे. कोर्नूंनी जे सांगितलं ते उत्क्रांतीने कोट्यवधी वर्षं आधी करून ठेवलं होतं. आल्बिनिझममध्ये मेलॅनिन कमी असतं. त्या माणसांना ऊन आणि प्रखर दिवे इतके का त्रास देतात, त्याचं एक कारण इथे आहे.

बिबट्याने मात्र उलटा सौदा केला. जुन्नरच्या उसात बॅटरीच्या झोतात चमकतात ते त्याच्या दृष्टिपटलामागचे आरसे. मांजर, कुत्रा, गाय यांच्याही डोळ्यांत ते आहेत. पहिल्या खेपेला निसटलेला उजेड आरशावर आपटून पेशींतून दुसऱ्यांदा जातो. अंधारात दिसणं वाढतं, त्याबदल्यात चित्राची धार थोडी जाते. रात्री हिंडणाऱ्याला हा सौदा परवडतो. आपले पूर्वज दिवसा हिंडणारे होते.

पाठ काळी असूनही आपल्या डोळ्यात थोडं खळं पडतंच, कारण पुढचं पारपटल आणि आतलं भिंग काही निर्दोष काचेचं नाही. रात्री लांबच्या दिव्याभोवती किरणं आणि फिकट आभा दिसते, ती बहुतांशी डोळ्यातली. ओळखायची युक्ती सोपी आहे: हात लांब करून अंगठ्याने नेमका तो दिवा झाका. आभा त्याच क्षणी गेली, तर ती तुमच्या डोळ्यात होती. अंगठ्याच्या कडेने ती दिसतच राहिली, तर ती खरंच बाहेर आहे, धुक्यात किंवा धुळीत. चंद्रावरही हे करून पाहावं. हात लांब करून धरलेली वीत आभाळात जेवढी जागा व्यापते, साधारण तेवढ्या अंतरावर चंद्राला कधीकधी मोठं खळं पडतं. त्याची त्रिज्या २२ अंश असते आणि चंद्र झाकला तरी ते जाग्यावर राहतं, कारण ते उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांनी पाडलेलं असतं.

एक गोष्ट इथे गांभीर्याने सांगायला हवी. समोरच्या गाड्यांच्या दिव्यांभोवतीची झळाळी महिनोन्‌महिने वाढत चालली असेल तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. आणि दिव्यांभोवती एकाएकी रंगीत कडी दिसू लागली, सोबत डोळा दुखत, लाल होत असेल, नजर धूसर झाली असेल, तर सकाळची वाट पाहू नये. काचबिंदूचा एक प्रकार असाच अचानक येतो. त्यात डोळ्यातला दाब वाढून पारपटलाला सूज येते आणि सुजलेल्या पारपटलातून दिव्यांना ती कडी पडतात. काही तासांचा उशीरही दृष्टी घालवू शकतो.

डिजिटल सेन्सरला काचेची जाड पाठ नाही, म्हणून त्याला जुनं हॅलेशन नाही. सीसीडी प्रकारच्या सेन्सरने मात्र स्वतःचं वेगळं दुखणं आणलं. १९६९मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी त्याची कल्पना मांडली. २००९च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. सीसीडीच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये उजेडाने सुटलेले इलेक्ट्रॉन साठतात, आणि साठवण भरली की ते शेजारी सांडतात. कोकणात डोंगरउतारावरच्या भातखाचरांत पाणी असंच सांडतं: एक खाचर तुडुंब झालं की पाणी उताराने खालच्यात जातं, बाजूचा उंच बांध मात्र ओलांडत नाही. सेन्सरमध्ये एका रांगेतल्या पिक्सेलांमधला अडसर ठेंगणा असतो आणि दोन रांगांमधला उंच, म्हणून सांडलेला उजेड गोल न पसरता सरळ रेघ होतो. सूर्यावर नजर ठेवण्यासाठी १९९५च्या डिसेंबरात सोडलेल्या सोहो यानाच्या चित्रांत हे नेहमी दिसतं. एखादा तेजस्वी ग्रह चौकटीत आला की त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पांढरी रेघ उमटते. ती पाहून परग्रहावरचं यान समजणारेही होते. मोबाइलच्या सेन्सरमध्ये उतू जाणारे इलेक्ट्रॉन काढून घेण्याची सोय असते, त्यामुळे ही रेघ आता क्वचितच दिसते.

पडद्यांचीही आपापली खळी आहेत. जुन्या टीव्हीच्या जाड काचेच्या आतल्या बाजूला चमकणारा थर असे, म्हणजे रचना प्लेटचीच, आणि ४२ अंशांचा नियमही तोच. सुमारे सेंटिमीटरभर जाडीच्या काचेत ठिपक्याभोवतीचं कडं पावणेदोन सेंटिमीटर लांब पडणार. काच किंचित काळसर करणं हा त्यावरचा इलाज. सरळ डोळ्यांकडे येणारा उजेड ती काच एकदा ओलांडतो, भटका उजेड तीनदा, आणि त्यातही दोनदा तिरका. नव्या मिनी-एलईडी पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती धुरकट ढग दिसतो, तो मागच्या दिव्यांचा. २०२१च्या १२.९ इंची आयपॅड प्रोमध्ये स्वतंत्रपणे मंद करता येणारे २,५९६ विभाग होते आणि पिक्सेल सुमारे ५६ लाख. म्हणजे एकेका विभागापुढे सुमारे २,१५० पिक्सेल. त्यातला एक जरी पांढरा करायचा तरी अख्खा विभाग पेटवावा लागतो, आणि उरलेले काळे पिक्सेल तो उजेड पूर्ण अडवू शकत नाहीत. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच दिवा असल्याने हा ढग नसतो.

इतक्या पिढ्यांनी इतका काळेपणा खर्चून जे पुसलं, तेच आता मुद्दाम काढलं जातं आहे. स्वच्छ डिजिटल चित्रीकरणावर हॅलेशन चढवणारी सॉफ्टवेअर आहेत, आणि त्यांत खळं किती रुंद, किती तांबडं हे ठरवता येतं. व्हिडिओ गेममध्ये सूर्य आणि आगीभोवती झळाळी रंगवतात, तिला ब्लूम म्हणतात. याला नुसती हौस म्हणणं मला पटत नाही. पडद्याचा सर्वांत पांढरा पिक्सेलसुद्धा सूर्यापुढे काहीच नाही, आणि चित्रकाराच्या पांढऱ्या रंगाची तर गोष्टच सोडा. व्हॅन गॉगने १८८८मध्ये ‘रात्रीचा कॅफे’ रंगवला तेव्हा छताच्या दिव्यांभोवती ठळक वलयं काढली. रंगाला स्वतःचा प्रकाश नसतो, म्हणून त्या वलयांनी दिवे पेटवावे लागले. खरा प्रखर दिवा आपल्या डोळ्यात खळं पाडतोच, त्यामुळे खळं म्हणजे प्रखरपणा, हा हिशेब मेंदूने जन्मभरात पक्का केलेला असतो.

तो किती पक्का आहे, याचा पुरावा २०१२मध्ये ओस्लो विद्यापीठातल्या ब्रूनो लेंग आणि टॉर एंडेस्टाड यांनी दिला. त्यांनी माणसांना जपानी संशोधक अकियोशी किताओका यांच्या चित्रासारख्या आकृत्या दाखवल्या. त्यांत मधला पांढरा भाग कागदाइतकाच पांढरा असतो, फक्त भोवतीचा रंग कडेपासून मध्याकडे हळूहळू उजळत येतो. पाहणाऱ्याला वाटतं, मधोमध काहीतरी तळपतं आहे. तुलनेसाठी तेवढाच प्रकाश देणाऱ्या, पण झळाळीचा भास नसलेल्या आकृत्या होत्या. प्रत्यक्ष उजेड दोन्हींत सारखाच होता. तरीही रंगवलेल्या झळाळीसमोर डोळ्यांची बाहुली अधिक आकसली, खऱ्या उन्हात आकसते तशी.